गेम सर्व्हरच्या एरर लॉगवरून ईमेल इशारे कसे बसवावेत

गेम सर्व्हर बंद पडल्याची बातमी बहुतेकदा खेळाडूंकडून कळते, आणि ती कळते तेव्हा लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर आपल्या घडामोडी लिहून ठेवतो त्या नोंदवहीत, तीच बातमी कितीतरी आधी लिहिलेली असते. सर्व्हरने आपले काम चोख केलेले असते, फक्त ती ओळ कोणी वाचलेली नसते. भाड्याच्या यंत्रावर चालणाऱ्या गेम सर्व्हरची जबाबदारी ज्यांनी नुकतीच घेतली आहे, त्यांना लॉगमधील महत्त्वाची ओळ आपणहून ईमेलने मिळावी अशी व्यवस्था उभी करता यावी, यासाठी हा लेख लिहिला आहे.

उदाहरणासाठी माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर आणि लिनक्सचे यंत्र धरले आहे, कारण नव्याने सर्व्हर चालवू लागणारे अनेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि त्याचा लॉग साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतो. गेम दुसरा असला तर फाइलचे नाव आणि ओळीची मांडणी बदलेल, बाकीचे काम तेच राहील. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी: ईमेल पाठवणे हा यातला सोपा भाग आहे. कोणत्या ओळीसाठी ईमेल यावा आणि कोणत्या ओळीसाठी येऊ नये हे ठरवणे कठीण आहे, आणि बहुतेकांची व्यवस्था तिथेच फसते.

पहिली पायरी: लॉग आधी स्वतः वाचावा

सर्व्हरच्या मुख्य फोल्डरमध्ये 'लॉग्ज' नावाचे फोल्डर असते आणि त्यात 'लेटेस्ट डॉट लॉग' ही चालू फाइल असते. सर्व्हर पुन्हा सुरू झाला किंवा तारीख बदलली की आतापर्यंतची फाइल जीझिप करून (म्हणजे दाबून लहान करून) तारखेच्या नावाने बाजूला ठेवली जाते आणि जुन्याच नावाने नवी, कोरी फाइल उघडली जाते. ही बारीकशी बाब लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे. सर्व्हर पूर्ण कोसळला तर त्याचा सविस्तर अहवाल 'क्रॅश-रिपोर्ट्स' या वेगळ्या फोल्डरमध्ये जातो, त्यामुळे केवळ लॉगवर नजर ठेवणाऱ्याने तिकडेही पाहण्याची सवय लावावी.

लॉगची ओळ तीन भागांत वाचता येते. सुरुवातीला चौकटी कंसात वेळ असते, त्यापुढे दुसऱ्या चौकटी कंसात थ्रेडचे (सर्व्हरच्या आत ते काम करणाऱ्या भागाचे) नाव आणि तिरप्या रेघेनंतर पातळी असते, आणि अपूर्णविरामानंतर (:) प्रत्यक्ष संदेश सुरू होतो. पातळी म्हणजे इन्फो, वॉर्न, एरर किंवा फेटल यांपैकी एक शब्द. ओळीत तारीख नसते, फक्त वेळ असते. इशाऱ्याच्या ईमेलमध्ये तारीख आपल्यालाच घालावी लागते. दुसरे असे की एखादी खरी चूक घडते तेव्हा ती एका ओळीत मावत नाही. पहिल्या ओळीखाली कोणते फंक्शन कोणी बोलावले याची लांबलचक यादी येते, या यादीतील ओळींना ना वेळ असते ना पातळी, आणि चुकीचे मूळ कारण सांगणारी 'कॉज्ड बाय' या शब्दांनी सुरू होणारी ओळ अनेकदा तीस-चाळीस ओळी खाली सापडते. त्यामुळे 'एरर' हा शब्द असलेली तेवढीच ओळ ईमेलमध्ये पाठवली तर काहीतरी बिघडले एवढे कळते, काय बिघडले ते कळत नाही.

निदान एक आठवडा रोज दहा मिनिटे हा लॉग डोळ्यांखालून घालावा. या वाचनात एक गोष्ट चटकन लक्षात येते: पातळीचा शब्द आणि प्रसंगाचे गांभीर्य यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. एखादा मॉड (गेममध्ये भर घालणारा जोड-प्रोग्राम) प्रत्येक वेळी सुरू होताना तीन-चार एरर लिहितो आणि खेळावर त्याचा तिळमात्र परिणाम होत नाही. उलट 'कान्ट कीप अप' ही प्रसिद्ध ओळ वॉर्न पातळीवर येते, पण ती वारंवार आली तर खेळाडूंचा खेळ अडखळत असतो. सर्व्हर सेकंदाला २० टिक, म्हणजे खेळाचे जग पुढे सरकवणारे ठोके, चालवतो, म्हणजे एका टिकसाठी त्याच्याजवळ ५० मिलिसेकंद असतात. या ओळीत तो आपण किती मिलिसेकंद आणि किती टिक मागे पडलो हे स्वतःच सांगत असतो. सर्व्हर सुरू होताना अशी एखादी ओळ येणे स्वाभाविक आहे. संध्याकाळच्या गर्दीत दहा मिनिटांत ती पाच-सहा वेळा आली तर लक्ष घालायला हवे.

पातळ्या ठरवतो तो प्रोग्राम लिहिणारा, सर्व्हर चालवणारा नव्हे, हे यामागचे कारण आहे. लॉगच्या पातळ्यांची जी मांडणी आज सर्वत्र दिसते तिचा मोठा भाग १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी लिहिलेल्या सिसलॉग या लॉग लिहिणाऱ्या प्रोग्राममधून आलेला आहे. त्यात शून्य ते सात अशा आठ पातळ्या आहेत आणि २००९ साली आलेल्या आरएफसी ५४२४ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजातही त्या तशाच राहिल्या. सिसलॉग जन्माला आला तो सेंडमेल या ईमेल वाहून नेणाऱ्या प्रोग्रामसाठी, म्हणजे लॉग आणि ईमेल यांचे नाते तसे जुनेच आहे.

दुसरी पायरी: तीन टोपल्या करणे

आठवडाभराच्या वाचनातून वेगवेगळ्या प्रकारच्या ओळींची एक यादी तयार होते. आता प्रत्येक प्रकाराला एकच प्रश्न विचारावा: हा ईमेल रात्री दोन वाजता आला तर मी उठून काय करीन? ज्या ओळीसाठी ठोस उत्तर आहे ती पहिल्या टोपलीत जाते आणि तिचा ईमेल तत्काळ यावा. ज्या ओळीसाठी 'सकाळी पाहीन' हे उत्तर आहे ती दुसऱ्या टोपलीत जाते, आणि अशा सर्व ओळी मिळून दिवसातून एकच सारांश यावा. ज्या ओळीसाठी काहीच करायचे नाही तिच्यासाठी ईमेल नकोच; ती लॉगमध्ये आहे, तेवढे पुरे.

माझ्या मते पहिल्या टोपलीत पाच-सहा प्रकारांपेक्षा जास्त काही नसावे. जावाची स्मृती संपल्याची 'आउट ऑफ मेमरी एरर' ही ओळ तिथे हवी. डिस्क भरल्याची 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' ही ओळ हवी, कारण त्यानंतर खेळाडूंनी बांधलेले काहीही जतन होत नाही आणि नंतर ते परत आणता येत नाही. खेळाच्या जगाचा एखादा तुकडा जतन करता आला नाही असे सांगणारी ओळ हवी. एकच टिक ६० सेकंदांहून अधिक चालली की सर्व्हरमधील वॉचडॉग हा देखरेख करणारा भाग सर्व्हरला कोसळलेला मानून जबरदस्तीने बंद करतो, त्या प्रसंगाची ओळ हवी. ही मर्यादा सेटिंगमध्ये बदलता येते, पण मुळात ती ६०००० मिलिसेकंद असते. सर्व्हर सुरू होताना त्याला आपले पोर्ट (नेटवर्कवरील क्रमांकाचे दार), सहसा २५५६५, मिळाले नाही तर येणारी 'फेल्ड टू बाइंड टू पोर्ट' ही ओळही हवी, कारण तिचा अर्थ बहुधा असा असतो की जुना सर्व्हर नीट बंद न होता मागे चालूच राहिला आहे.

बाकीच्या ओळी, म्हणजे मॉडच्या तक्रारी, खेळाडूचे कनेक्शन तुटणे, एखादी पाककृती (गेममध्ये वस्तू बनवण्याची कृती) वाचता न येणे, या दुसऱ्या किंवा तिसऱ्या टोपलीच्या आहेत. मन मोठे करून सगळेच पहिल्या टोपलीत टाकण्याचा मोह होतो आणि तो आवरावा लागतो.

तिसरी पायरी: ईमेल जाण्याचा मार्ग तयार करणे

यासाठी यंत्रावर स्वतःचा ईमेल सर्व्हर उभारू नये. बहुतेक क्लाउड सेवा स्पॅम रोखण्यासाठी बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवतात, आणि ते उघडे असले तरी नव्या, अनोळखी यंत्राकडून आलेला ईमेल मोठ्या सेवा सहसा स्वीकारत नाहीत किंवा थेट स्पॅममध्ये टाकतात. त्यापेक्षा एखाद्या ईमेल सेवेत खाते काढून तिच्या एसएमटीपी (ईमेल पाठवणाऱ्या) सर्व्हरमार्फत ईमेल पाठवावा. त्यासाठी ५८७ किंवा ४६५ हे पोर्ट वापरतात. ४६५ वर कनेक्शन पहिल्या क्षणापासून कूटबद्ध असते, तर ५८७ वर ते साधे सुरू होऊन मग कूटबद्ध होते. दोन्ही चालतात, मात्र कूटबद्धतेची सक्ती करणारा पर्याय सेटिंगमध्ये चालू ठेवावा.

इशाऱ्यांसाठी वेगळे खाते काढावे, आपले नेहमीचे वैयक्तिक खाते वापरू नये. यंत्रावर पासवर्ड साठवावा लागतो, आणि यंत्र कोणाच्या हाती लागलेच तर त्यासोबत आपला सगळा पत्रव्यवहार जायला नको. जीमेलचे खाते असेल तर त्याचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही; द्विस्तरीय पडताळणी चालू करून अ‍ॅप पासवर्ड काढून घ्यावा लागतो. जीमेलच्या वैयक्तिक खात्यावरून दिवसाला साधारण ५०० ईमेलच जाऊ शकतात, हाही आकडा ध्यानात असू द्यावा.

यंत्रावर 'एमएसएमटीपी' हा छोटा प्रोग्राम पुरेसा आहे. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सर्व्हरचे नाव, पोर्ट, खाते आणि पासवर्ड लिहितात. ही फाइल फक्त मालकाला वाचता-लिहिता यावी अशी परवानगी, म्हणजे ६००, तिला द्यावी. त्यानंतर आज्ञा देऊन स्वतःलाच एक चाचणीचा ईमेल पाठवावा. तो स्पॅममध्ये गेला असेल तर तिथून बाहेर काढून त्या पत्त्यासाठी 'कधीही स्पॅममध्ये टाकू नये' असा नियम आपल्या इनबॉक्समध्ये करावा. स्वतःच्या डोमेनवरून ईमेल पाठवणार असाल तर त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या सार्वजनिक नोंदींमध्ये) ईमेल खरा असल्याचे दाखवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी ईमेल सेवेने सांगितल्याप्रमाणे कराव्यात. त्या नसतील तर नेमका महत्त्वाच्या वेळी ईमेल पोहोचणार नाही.

चौथी पायरी: लॉगवर नजर ठेवणारा पहारेकरी

आता लॉगमधील नवी ओळ आल्या आल्या वाचणारी एक छोटी स्क्रिप्ट हवी. सर्वात साधी रचना अशी असते: 'टेल' ही आज्ञा फाइलचे शेपूट पकडून नव्या ओळी देत राहते, त्या 'ग्रेप' या आज्ञेतून गाळल्या जातात, आणि गाळून उरलेली ओळ ईमेल पाठवणाऱ्या भागाकडे जाते. ही रचना कागदावर अचूक दिसते, पण नवशिक्यांकडे ती दोन ठिकाणी हमखास अडते, आणि दोन्ही ठिकाणी एररचा एकही शब्द दिसत नाही.

पहिले ठिकाण टेलचे आहे. या आज्ञेला सवयीने लहान एफचा पर्याय दिला जातो. लहान एफ म्हणजे 'आता उघडलेली फाइल धरून ठेव'. रात्री तारीख बदलली, सर्व्हरने फाइल बाजूला केली आणि त्याच नावाची नवी फाइल उघडली, की टेल जुन्याच फाइलला धरून बसते. तिच्यात आता कधीच काही लिहिले जाणार नसते. पहारेकरी जागा आहे, प्रोसेसच्या यादीत दिसतो आहे, पण बंद झालेल्या दाराकडे पाहत आहे. मोठ्या एफचा पर्याय दिला की टेल फाइलच्या नावावर लक्ष ठेवते आणि त्या नावाची नवी फाइल आली की तिच्याकडे वळते. इथे नेहमी मोठा एफच वापरावा.

दुसरे ठिकाण ग्रेपचे आहे. ग्रेपच्या पुढे दुसरी आज्ञा जोडलेली असली की ती प्रत्येक ओळ लगेच पुढे देत नाही. काही हजार अक्षरांचा साठा जमेपर्यंत थांबते आणि मग एकदम सोडते. पडद्यावर चाचणी घेताना हे जाणवत नाही, कारण तिथे ओळ लगेच दिसते. प्रत्यक्ष व्यवस्थेत मात्र स्मृती संपल्याची एकुलती एक ओळ त्या साठ्यात तासन्‌तास पडून राहते. ग्रेपला 'लाइन-बफर्ड' हा पर्याय दिला की ती प्रत्येक ओळ तत्क्षणी पुढे पाठवते.

ही स्क्रिप्ट स्वतः सिस्टमडीची (लिनक्समधील प्रोग्राम सुरू करणाऱ्या व सांभाळणाऱ्या व्यवस्थेची) सेवा म्हणून चालवावी आणि ती कोणत्याही कारणाने थांबली तर पुन्हा सुरू होईल असे सांगून ठेवावे. टर्मिनल उघडे ठेवून त्यात चालवलेली स्क्रिप्ट यंत्र पुन्हा सुरू झाले की नाहीशी होते, आणि ती नाहीशी झाल्याचे कोणाला कळत नाही.

ज्यांच्याकडे पूर्ण यंत्र नाही, तर होस्टिंग सेवेचे वेब पॅनेल आणि एसएफटीपीने (दूरच्या यंत्रावरील फाइल आणण्याच्या पद्धतीने) फाइल पाहण्याची सोय एवढेच आहे, त्यांनी आधी पॅनेलमध्येच इशाऱ्यांची सोय आहे का ते पाहावे. नसेल तर कायम चालू असणाऱ्या दुसऱ्या एखाद्या संगणकावरून दर पाच मिनिटांनी लॉगची फाइल आणावी, मागच्या वेळी कितव्या बाइटपर्यंत वाचले होते ते एका फाइलमध्ये लिहून ठेवावे आणि तिथून पुढचाच भाग वाचावा. आणलेली फाइल त्या आकड्यापेक्षा लहान निघाली तर ती नवी फाइल आहे असे समजून सुरुवातीपासून वाचावे. इशारा पाच मिनिटे उशिरा मिळेल, तेवढे चालून जाते.

खेळाडूंचे शब्दही लॉगमध्ये असतात

हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. गेममधील गप्पांचा प्रत्येक संदेश लॉगमध्ये लिहिला जातो. गाळणी जर ओळीत कुठेही 'आउट ऑफ मेमरी एरर' हे शब्द शोधत असेल तर कोणताही खेळाडू ते शब्द गप्पांत लिहून तुम्हाला मध्यरात्री उठवू शकतो. म्हणून गाळणीने आधी ओळीच्या सुरुवातीचा पातळीचा भाग तपासावा आणि इन्फो पातळीच्या ओळी तिथेच सोडून द्याव्यात. गप्पा इन्फो पातळीवर येतात.

याहून गंभीर बाब अशी की लॉगमधील ओळ ही परक्या माणसाने लिहिलेला मजकूर आहे असे धरूनच तिच्याशी वागावे. डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आलेली लॉगफोरशेल ही सुरक्षेतील भेग अनेकांना आठवत असेल. माइनक्राफ्टचा सर्व्हर वापरत असलेल्या लॉगफोरजे या जावा लायब्ररीत ती होती, आणि विशिष्ट घडणीचा संदेश गप्पांत लिहिला की तो लॉगमध्ये उतरताना सर्व्हर बाहेरून कोड आणून चालवत असे. तिचे गांभीर्य १० पैकी १० धरले गेले, आणि माइनक्राफ्टने १.१८.१ या आवृत्तीत ती बुजवली. आपल्या छोट्या स्क्रिप्टमध्ये तशीच चूक करणे अवघड नाही: लॉगची ओळ शेलच्या (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आज्ञेत जशीच्या तशी चिकटवली तर त्या ओळीतील काही चिन्हांना शेल आज्ञा समजू शकते. ओळ नेहमी स्टँडर्ड इनपुटमधून (प्रोग्रामला मजकूर पुरवण्याच्या वाटेने) ईमेलच्या प्रोग्रामला द्यावी, आज्ञेच्या मजकुरात कधीही जोडू नये. आणि सर्व्हर अजून जुन्या आवृत्तीवर असेल तर इशारे बसवण्याआधी तो अद्ययावत करावा.

पाचवी पायरी: पुराला बांध

सुरुवातीच्या काळात मी एक सर्व्हर चालवत असताना एरर पातळीच्या प्रत्येक ओळीसाठी ईमेल येईल असा नियम लावला होता. एका अद्ययावतीनंतर एका मॉडला आपली एक फाइल वाचता येईना आणि तो प्रत्येक टिकला एक लांबलचक एरर लिहू लागला. सेकंदाला वीस या वेगाने रात्रभर लॉग वाढत गेला. ईमेल खात्याची दिवसाची मर्यादा काही मिनिटांतच संपली. पहाटे लॉगनेच डिस्क भरली, जग जतन होणे थांबले, आणि ते सांगणारा एकमेव महत्त्वाचा ईमेल मर्यादा संपल्यामुळे निघालाच नाही. खेळाडूंचे त्या सकाळचे काम गेले. त्या दिवशी इनबॉक्समध्ये शेकडो ईमेल होते आणि त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता.

म्हणून स्क्रिप्टमध्ये ईमेल पाठवण्याआधी प्रत्येक ओळीची एक 'खूण' तयार करावी. ओळीतून वेळ, आकडे, जागेचे निर्देशांक आणि खेळाडूंची नावे काढून टाकली की जो मजकूर उरतो ती तिची खूण. एकाच खुणेचा पहिला ईमेल लगेच जाऊ द्यावा; पुढचा अर्धा तास त्या खुणेच्या ओळी फक्त मोजाव्यात आणि अर्ध्या तासाने 'हीच चूक आणखी इतक्या वेळा घडली' असा एकच ईमेल पाठवावा. याखेरीज तासाला एकूण किती ईमेल जातील याची कमाल मर्यादाही ठेवावी, आणि जग जतन न होणे व डिस्क भरणे या दोन खुणांना त्या मर्यादेतून सूट द्यावी. मोठ्या यंत्रणाही हेच करतात: प्रोमिथियस या देखरेख प्रणालीचा अलर्टमॅनेजर मुळात नव्या गटाचा पहिला इशारा ३० सेकंद थांबवून ठेवतो, त्या गटात भर पडली तर ५ मिनिटांनी कळवतो आणि न सुटलेल्या प्रश्नाची आठवण ४ तासांनी देतो. आपल्याला हेच आकडे घ्यायला हवेत असे नाही, पण पहिल्या दिवशी काय ठेवावे हे सुचत नसेल तर ते घेऊन सुरुवात करायला हरकत नाही.

सहावी पायरी: ईमेलमध्ये काय असावे

विषयाच्या ओळीतच काम भागले पाहिजे, कारण फोनच्या पडद्यावर तेवढेच दिसते. 'सर्व्हर एरर' हा विषय निरुपयोगी आहे; 'तातडीचे: जग जतन झाले नाही, डिस्क भरली, मुख्य सर्व्हर' हा विषय उपयोगाचा आहे. आत तारीख आणि वेळ लिहावी, आणि ती कोणत्या घड्याळाची आहे तेही लिहावे. भाड्याची यंत्रे बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि रात्रीच्या अर्धवट झोपेत तो फरक मनात करता येत नाही. मूळ ओळ, तिच्या आधीच्या वीस ओळी आणि नंतरच्या पन्नास ओळी जोडाव्यात. नंतरच्या ओळी मिळण्यासाठी स्क्रिप्टने ओळ दिसल्यावर दोन-तीन सेकंद थांबून मग फाइलचे शेपूट वाचावे, नाहीतर 'कॉज्ड बाय' असलेली ओळ ईमेलमध्ये येणारच नाही. शेवटी, हा प्रकार घडला तर काय करायचे ते दोन वाक्यांत लिहून ठेवावे. ते दिवसा, शांत डोक्याने लिहिलेले असावे.

खेळाडू आत आल्याच्या ओळीत त्याचा आयपी पत्ता असतो. आधीच्या वीस ओळी जोडताना असे पत्ते आपोआप ईमेलमध्ये जातात आणि तिथे वर्षानुवर्षे राहतात. पाठवण्याआधी ते पुसून त्या जागी फुल्या घालाव्यात, विशेषतः इशारे एकापेक्षा जास्त मदतनिसांना जात असतील तर.

लॉग जे सांगू शकत नाही

सर्वात वाईट बिघाड लॉगमध्ये एक अक्षरही न लिहिता होतात. यंत्राची स्मृती संपली की लिनक्सचा कर्नल (त्याचा गाभा) एखादी प्रोसेस निवडून ठार करतो, आणि यंत्रावर सर्वाधिक स्मृती खाणारा गेम सर्व्हरच असल्यामुळे बळी बहुधा त्याचाच जातो. त्याला शेवटचा शब्द लिहायचीही संधी मिळत नाही. लॉग एखाद्या खेळाडूच्या साध्या वाक्यावर थांबलेला दिसतो. याची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये असते, आणि शेल किंवा कंटेनरमध्ये बाहेर पडण्याचा कोड १३७ दिसतो, म्हणजे १२८ अधिक ठार करण्याच्या सिग्नलचा क्रमांक ९.

असे मरण पकडण्यासाठी गेम सर्व्हर सिस्टमडीची सेवा म्हणून चालवावा. सेवा अयशस्वी झाली की दुसरी सेवा चालवणारी 'ऑन-फेल्युअर' ही सोय सिस्टमडीत आहे, आणि बहुतेक जण तिलाच ईमेलची स्क्रिप्ट जोडतात. पण सोबत 'रीस्टार्ट' हा पर्यायही चालू असेल तर ही सोय लगेच कामाला येत नाही. ठरावीक वेळेत ठरावीक वेळा पुन्हा सुरू होऊनही सेवा उभी राहिली नाही, तरच सिस्टमडी ती अयशस्वी मानते. मूळ सेटिंगमध्ये ही मर्यादा १० सेकंदांत ५ वेळा अशी असते. माइनक्राफ्टच्या सर्व्हरला एकदा उभे राहायलाच दहा सेकंदांच्या आसपास किंवा जास्त वेळ लागतो, म्हणजे ती मर्यादा गाठलीच जात नाही आणि सर्व्हर रात्रभर पडत-उठत राहिला तरी एकही ईमेल येत नाही. ती मर्यादा १० मिनिटांत ३ वेळा अशी करावी. शिवाय 'एक्झेक-स्टॉप-पोस्ट' या ठिकाणी एक छोटी स्क्रिप्ट लावावी. सेवा थांबली की ती दर वेळी चालते आणि सेवा कशामुळे थांबली हे तिला कळते, त्यामुळे प्रत्येक अनपेक्षित मरणाचा एक ईमेल मिळतो. एक बारकावा इथेही आहे: सिस्टमडीने बंद करायला सांगितल्यावर जावा १४३ या कोडने बाहेर पडते आणि सिस्टमडी ते अपयश समजते. १४३ हा कोड यशस्वी मानावा असे सेवेच्या फाइलमध्ये लिहून ठेवले नाही तर आपण स्वतः सर्व्हर बंद केल्याचाही इशारा येत राहील.

मग उरतो तो प्रसंग ज्यात अख्खे यंत्रच बंद पडते. ते बंद असेल तर त्यावरील पहारेकरीही बंदच असतो. यासाठी दिशा उलटी करावी लागते. यंत्राने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला 'मी ठीक आहे' असे कळवावे, आणि तो निरोप ठरलेल्या वेळेत आला नाही तर त्या सेवेने आपल्याला ईमेल करावा. हेल्थचेक्स ही मुक्त स्रोताची प्रणाली नेमके हेच काम करते. निरोप पाठवण्याआधी स्क्रिप्टने गेमचे पोर्ट उत्तर देते का, डिस्कवर पुरेशी जागा आहे का आणि लॉगचा पहारेकरी चालू आहे का, या तीन गोष्टी तपासाव्यात आणि तिन्ही ठीक असतील तरच निरोप पाठवावा.

शेवटची पायरी: मुद्दाम बिघडवून पाहणे

खेळाडू नसताना, खेळाच्या जगाची प्रत काढून ठेवून, एकेक बिघाड स्वतः घडवावा. प्रोसेसला सिग्नल ९ देऊन मारावे आणि ईमेल किती वेळात येतो ते घड्याळात पाहावे. दुसऱ्या चाचणी सर्व्हरला तेच पोर्ट देऊन सुरू करावे म्हणजे पोर्ट न मिळाल्याची ओळ येते. त्याआधी पहारेकऱ्याला त्या चाचणी सर्व्हरच्या लॉगकडेही पाहायला सांगावे. गप्पांमध्ये 'आउट ऑफ मेमरी एरर' लिहून पाहावे. ईमेल आला तर गाळणी चुकली आहे. पहारेकऱ्याची सेवा हाताने थांबवून बाहेरची सेवा ते ओळखते का ते पाहावे. ईमेलच्या खात्याचा पासवर्ड सेटिंगच्या फाइलमध्ये तात्पुरता चुकीचा लिहून पाहावा. अशा वेळी न गेलेला ईमेल यंत्रावरील एखाद्या फाइलमध्ये जपला जातो आणि पुन्हा पाठवला जातो की हवेत विरून जातो, हे पहिल्याच दिवशी कळलेले बरे.

गेमची नवी आवृत्ती आली की लॉगमधील वाक्यांचे शब्द बदलू शकतात, मॉड बदलले की नव्या एरर येतात आणि जुन्या जातात. म्हणून प्रत्येक अद्ययावतीनंतर या पाच चाचण्या पुन्हा घ्याव्यात आणि कोणत्या तारखेला, कोणत्या आवृत्तीवर घेतल्या ते सर्व्हरच्या फोल्डरमध्येच एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवावे, म्हणजे उद्या सर्व्हर दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवायचा झाला तर त्यालाही तिथूनच पुढे जाता येईल.